नुकसान झाले, भरपाई कोण देणार?

अपघातानंतर पोलिसांत तक्रार दिली की आपले काम संपले, असे बहुतेकांना वाटते. पण गुन्हेगाराला शिक्षा देणारे न्यायालय वेगळे आणि तुमचे नुकसान भरून देणारे न्यायालय वेगळे. हा फरक वेळेवर न कळल्यामुळे अनेक कुटुंबे हक्काच्या रकमेला मुकतात.

भरधाव टेम्पोची धडक बसून घरातला कर्ता माणूस जातो. पोलीस येतात, पंचनामा होतो, चालकाला अटक होते आणि काही दिवसांत तो जामिनावर सुटतो. मग खटला सुरू होतो. तारखांवर तारखा पडत राहतात. आरोप सिद्ध झाला तर चालक तुरुंगात जातो, नाही झाला तर आपल्या घरी जातो. पण या दोन्ही प्रकारांत मृताच्या घरातले प्रश्न मात्र जिथल्या तिथेच राहतात. मुलांची फी कोण भरणार? घराचा हप्ता कोण देणार? म्हाताऱ्या आईच्या औषधांचे काय?

फौजदारी खटला हा सरकार आणि आरोपी यांच्यातला असतो. त्यात मृताचे नातेवाईक फार तर साक्षीदार असतात. न्यायालयाने दंड केला तर तो सरकारी तिजोरीत जमा होतो. त्यातून नुकसान झालेल्यांना काही देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्या रकमेवर घर चालत नाही. घराचे नुकसान भरून काढण्यासाठी कायद्याने दुसरा दरवाजा ठेवला आहे, तो म्हणजे दिवाणी दाव्याचा. मात्र हा दरवाजा आपल्यालाच ठोठवावा लागतो, आणि तोही मुदतीत.

अपकृत्य म्हणजे काय?

एखाद्याच्या बेपर्वाईमुळे किंवा चुकीच्या वागण्यामुळे दुसऱ्याच्या शरीराचे, मालमत्तेचे अथवा अब्रूचे नुकसान झाले, तर त्या कृत्याला कायद्यात ‘अपकृत्य’ म्हणतात. वकील मंडळींच्या बोलण्यात त्याला ‘टॉर्ट’ असे नाव आहे. अपकृत्याचा दावा हा करारभंगाच्या दाव्यापेक्षा वेगळा असतो. रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यावर गॅलरीतली कुंडी पडली, तर जखमी माणूस आणि कुंडीवाला यांच्यात कोणताच करार झालेला नसतो. तरीही कुंडीवाल्याला भरपाई द्यावी लागू शकते.

चोरी, फसवणूक, खून यांच्यासाठी जशी दंडसंहिता आहे, तसा अपकृत्यांचा एकच एक कायदा आपल्याकडे नाही. इंग्रजांच्या काळापासून न्यायालयांनी दिलेल्या निकालांतून हा कायदा घडत आला. निष्काळजीपणा, शेजाऱ्याला होणारा उपद्रव, दुसऱ्याच्या जागेवरील अतिक्रमण, अब्रूनुकसानी हे त्याचे मुख्य प्रकार. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून वर्षानुवर्षे पाणी गळते आणि खालच्या बिऱ्हाडाच्या भिंती सडतात, हाही उपद्रवच. अशा वेळी भरपाई तर मागता येतेच, शिवाय गळती थांबवण्याचा हुकूमही न्यायालयाकडून मिळवता येतो.

आजच्या निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया एका गोगलगाईने घातला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. १९२८ च्या ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडमधील पेझ्ली गावात एका बाईला तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर, म्हणजे आल्याचे फसफसणारे पेय, घेऊन दिले. बाटली गडद रंगाची होती. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी त्या बाईची तक्रार होती. ती आजारी पडली. पण बाटली विकत घेतली होती मैत्रिणीने. त्यामुळे त्या बाईचा ना दुकानदाराशी करार, ना कारखानदाराशी. मग तिने दाद मागायची कोणाकडे?

१९३२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, आपला माल ज्याच्या पोटात जाणार आहे त्याची काळजी घेणे हे कारखानदाराचे कर्तव्यच आहे. करार असो वा नसो. आपल्या वागण्याने ज्याला इजा होईल हे सहज लक्षात यायला हवे, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी, असे लॉर्ड ॲटकिन यांनी सांगितले. गंमत अशी की, बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही, हे सिद्ध करण्याची वेळच आली नाही. पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. तत्त्व मात्र टिकले आणि भारतातील न्यायालयांनीही ते स्वीकारले.

चार गोष्टी सिद्ध करा

निष्काळजीपणाचा दावा जिंकायचा असेल तर चार गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती. दुसरी, ती त्याने पाळली नाही. तिसरी, त्यामुळेच अपघात घडला. चौथी, त्यातून तुमचे खरोखर नुकसान झाले.

समजा, एखाद्या दुकानात फरशीवर तेल सांडले आहे. दोन तास ते कोणी पुसले नाही, तिथे कसलीही सूचना लावली नाही आणि त्यावरून घसरून एका ग्राहक बाईच्या कमरेचे हाड मोडले. इथे चारही गोष्टी जुळतात. पण तेल सांडल्यासांडल्याच नोकर पुसायला धावला असेल आणि ‘थांबा, पुढे येऊ नका’ असे सांगूनही ती बाई पुढे गेली असेल, तर दावा लंगडा पडतो.

पुराव्याच्या बाबतीत दिवाणी दाव्याचे माप फौजदारी खटल्याहून वेगळे असते. आरोपीला शिक्षा देण्यासाठी गुन्हा संशयातीतपणे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात मात्र दोन्ही बाजूंपैकी कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते, हे पाहिले जाते. म्हणूनच फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा बुडत नाही. तमिळनाडूतील एका प्रकरणात बसचा विजेच्या तारेशी संपर्क येऊन प्रवासी दगावला होता. चालक फौजदारी न्यायालयातून सुटला. तरीही भरपाई देण्यास बसमालक बांधील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले.

स्वतःची चूक असेल तर मात्र भरपाईला कात्री लागते. समजा, दहा लाखांचे नुकसान झाले आणि त्यात जखमीचीही ३० टक्के चूक होती, असे न्यायालयाला आढळले, तर त्याला सात लाख मिळतील. पण दोन वाहनांची टक्कर होऊन त्यातला प्रवासी जखमी झाला असेल, तर त्याला दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. कोणाची चूक किती, हे त्या दोघांनी आपसात ठरवावे.

घटनाच साक्ष देते तेव्हा

आतल्या गोष्टी सामान्य माणसाला कशा ठाऊक असणार, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. शस्त्रक्रियेच्या खोलीत काय घडले, पडलेल्या इमारतीची तपासणी शेवटची कधी झाली होती, हे पीडिताने कोठून शोधून आणायचे? यासाठी कायद्यात एक नियम आहे. काही घटना अशा असतात की, कोणाची तरी हयगय झाल्याशिवाय त्या घडूच शकत नाहीत. तिथे घटनाच साक्ष देते आणि आपण काळजी घेतली होती हे दाखवण्याची वेळ प्रतिवादीवर येते.

दिल्लीच्या चांदणी चौकात टाऊन हॉलसमोर उभा असलेला जुना घंटाघराचा मनोरा एके दिवशी कोसळला आणि त्याखाली सापडून माणसे मेली. वारसांनी पालिकेवर दावे लावले. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता. तो ज्या चुन्यात बांधला होता, त्या प्रकारच्या बांधकामाचे आयुष्य मात्र ४०-४५ वर्षांचेच होते. पालिकेने तज्ज्ञांकडून त्याची नीट तपासणी करून घेतली नव्हती. रस्त्यालगतच्या इमारतीमुळे येणाऱ्याजाणाऱ्यांना धोका होऊ नये हे पाहणे मालकाचे काम आहे, दोष दिसणारा होता की लपलेला, ही सबब चालणार नाही, असे १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले.

महाराष्ट्रातील एक प्रकरण तर याहून बोलके आहे. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, तेथील सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण सुखरूप पार पडले. तीन दिवसांनी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप आला, वेदना वाढत गेल्या. पुन्हा पोट उघडले तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी आत राहिलेला टॉवेल सापडला. काही दिवसांतच ती दगावली.

नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, पण उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा रद्द केला. अखेर फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निर्णय पुन्हा कायम केला. पोटात टॉवेल राहतो याचाच अर्थ हयगय झाली. आणि रुग्णालय चालवणे हे काही राजसत्तेचे खास काम नव्हे, तेव्हा नोकरांच्या चुकीची जबाबदारी सरकारला टाळता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

निकाल योग्य लागला, पण त्याला ३३ वर्षे लागली. १९६३ चे ३६,००० आणि १९९६ चे ३६,००० यांची बरोबरी कशी होणार? दिवाणी न्यायाचे बळ आणि त्याचे दुखणे, दोन्ही या एका प्रकरणात दिसून येते. म्हणूनच दाद कोठे मागायची, याचा निर्णय सुरुवातीलाच विचारपूर्वक घ्यावा लागतो.

चूक नोकराची, भरणा मालकाचा

चालकाच्या खिशात काही नाही, त्याच्याकडून काय वसूल होणार, असा विचार करून कित्येकजण दावाच लावत नाहीत. पण नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीबद्दल मालक जबाबदार असतो. सरकारही याला अपवाद नाही. १९५२ मध्ये उदयपूर येथे दुरुस्तीनंतर परत आणली जात असलेली सरकारी जीप एका पादचाऱ्याला धडकली आणि तो मरण पावला. ‘आम्ही सरकार आहोत’ हा राजस्थान शासनाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये फेटाळून लावला आणि पादचाऱ्याच्या कुटुंबाला १५,००० रुपये मिळण्याचा मार्ग मोकळा केला.

रस्त्यांवरील खड्ड्यांच्या बाबतीतही आता हीच दिशा दिसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचे आदेश दिले. ‘रस्ता खराब होता, आपले नशीबच वाईट’ असे म्हणून गप्प बसण्याचे दिवस गेले, हे लोकांनी ओळखले पाहिजे.

काही धंदे इतके धोक्याचे असतात की, तिथे चूक सिद्ध करण्याचीही गरज नसते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये नवा नियम घालून दिला. जीवघेणे पदार्थ बाळगून नफा मिळवणाऱ्याने, अपघात झाला तर कोणतीही सबब न सांगता भरपाई दिली पाहिजे, असा तो नियम. कारखाना जितका मोठा, तितकी भरपाईही मोठी, असेही न्यायालय म्हणाले.

पण ज्या भोपाळमुळे हा विचार पुढे आला, त्या भोपाळकरांच्या वाट्याला हा नियम आलाच नाही. १९८५ च्या एका खास कायद्यान्वये पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. दाव्याची पुरी सुनावणी होऊन कंपनीची जबाबदारी ठरलीच नाही. जादा भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिकाही मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. एकदा झालेली तडजोड मोडणे किती अवघड असते, याचा हा देशातला सर्वांत कडू धडा आहे.

रक्कम ठरते कशी?

माणसाची किंमत पैशात कशी करणार, हा प्रश्न भावनेच्या दृष्टीने बरोबर आहे. पण न्यायालय माणसाची किंमत करत नाही. तो गेल्यामुळे घरात येणारा जो पैसा थांबला, त्याचा हिशेब करते. रस्ते अपघातांसाठी हा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांनी बराचसा पक्का केला आहे.

एक उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा एक दुकानदार महिना २०,००० रुपये मिळवत होता. त्याच्यामागे बायको, दोन मुले आणि आई असे चौघे आहेत. स्वतःचा धंदा असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाची कमाई पुढे वाढली असती, म्हणून तीत ४० टक्के मिळवतात. म्हणजे महिना २८,००० आणि वर्षाचे ३,३६,००० रुपये झाले. तो स्वतःवर जो खर्च करत होता, त्यापोटी एकचतुर्थांश वजा करतात. राहिले २,५२,०००. आता ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक १५ आहे. त्याने गुणले की, ३७,८०,००० रुपये होतात. याशिवाय अंत्यसंस्काराचा खर्च, कुटुंबीयांना सहवासाला मुकावे लागल्याबद्दलची रक्कम आणि सामान्यतः अर्जाच्या तारखेपासूनचे व्याजही मिळते.

‘ती काही कमवत नव्हती’ असे म्हणून गृहिणीच्या मृत्यूला क्षुल्लक रक्कम देण्याची पद्धतही आता मोडीत निघाली आहे. १९८९ मध्ये जमशेदपूर येथे एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक महिला व मुले दगावली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या घरकामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. जानेवारी २०२१ मधील एका निकालात तर न्यायालयाने सरकारी पाहणीचाच दाखला दिला. २०१९ च्या त्या पाहणीनुसार बिनमोबदल्याच्या घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. हे श्रम म्हणजे कमाई नव्हे, असे कोण म्हणेल?

जखमींच्या बाबतीत अपंगत्व किती टक्के, एवढेच पाहून भागत नाही. त्या अपंगत्वाने रोजगारावर काय परिणाम झाला, हे महत्त्वाचे. डावा हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण सुताराचा किंवा चालकाचा धंदाच बुडतो. म्हणून दोघांचे अपंगत्व सारखे असले तरी भरपाई सारखी नसते. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सुमारास दिलेल्या निकालांत मांडला आहे. दाव्यात आपल्या कामाचे स्वरूप सविस्तर लिहिणे त्यामुळे फार गरजेचे ठरते.

दाद कोठे मागावी?

सगळेच दावे दिवाणी न्यायालयात लावायचे नसतात. काही प्रकारांसाठी सोपी आणि स्वस्त व्यवस्था आहे.

रस्ते अपघात: मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. अपघात झाला त्या ठिकाणी किंवा अर्जदार राहतो त्या ठिकाणीही तो करता येतो. प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा असल्याने भरपाई बहुधा विमा कंपनी देते. कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये घेण्याचीही सोय १ एप्रिल २०२२ पासून आहे. मात्र ही रक्कम स्वीकारली की, मोठ्या भरपाईचा अर्ज निकालात निघतो. वर दाखवलेला हिशेब करून मगच काय ते ठरवावे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी महसूल खात्याच्या तालुका किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करावी.

डॉक्टर, रुग्णालय, सदोष वस्तू: १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारे स्वतंत्र प्रकरणच आहे. ज्या वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत आहे, तिची तक्रार जिल्हा आयोगात करता येते. ही किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही लागत नाही. मात्र रोगी बरा झाला नाही म्हणजे डॉक्टर चुकला, असे होत नाही. सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती, ती घेतली गेली नाही, हे दाखवावे लागते. त्यासाठी बहुधा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत लागते.

रेल्वे आणि कारखाना: रेल्वे अपघातांसाठी रेल्वे दावे न्यायाधिकरण आहे. कामावर असताना दुखापत झाली, तर कामगारांसाठी वेगळी कायदेशीर तरतूद आहे.

बाकी सर्व: कोसळलेली भिंत, शेजाऱ्याचा उपद्रव, अब्रूनुकसानी यांसाठी दिवाणी न्यायालय. इथे मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. दावा सरकारविरुद्ध असेल, तर साधारणपणे दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला लागलेल्या आगीत ५९ जण गुदमरून मेले. त्यांच्या नातेवाइकांनी संघटना करून थेट उच्च न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये वीस वर्षांवरील मृतांसाठी दहा लाख आणि त्याहून लहानांसाठी साडेसात लाख रुपये ठरवले. भरपाईचा मोठा वाटा चित्रपटगृहाच्या मालकांवर आणि उरलेला वीज मंडळावर टाकला. वारसांना एकेकट्याने लढावे लागले असते, तर किती जणांना हे जमले असते?

मुदत चुकवू नका

दावा खरा असूनही तो केवळ उशीर झाल्यामुळे फेटाळला जातो, यासारखे दुसरे दुःख नाही. अब्रूनुकसानीच्या दिवाणी दाव्याला एकच वर्षाची मुदत आहे. अपघाती मृत्यूबद्दल वारसांनी १८५५ च्या कायद्याखाली लावायच्या दाव्याला दोन वर्षे, ग्राहक तक्रारीलाही दोन वर्षे. स्वतंत्र मुदत ठरवून न दिलेल्या दाव्यांना तीन वर्षे मिळतात. रस्ते अपघाताच्या अर्जासाठी मात्र २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. तरीही त्या भरवशावर न राहता सहा महिन्यांच्या आत अर्ज करणेच शहाणपणाचे.

पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवणेही कायद्याने आवश्यक आहे. पण तो पोहोचला की नाही, याची चौकशी आपणच केली पाहिजे.

घरात दुर्घटना घडते तेव्हा कागद सांभाळण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. म्हणून जवळच्या एखाद्या नातेवाइकाने हे काम अंगावर घ्यावे. पोलिसांतील तक्रारीची प्रत, पंचनामा, घटनास्थळाची छायाचित्रे, वाहनाचा क्रमांक, विम्याचा तपशील, साक्षीदारांची नावे व पत्ते, रुग्णालयातील सर्व कागद आणि औषधांच्या पावत्या एका पाकिटात जमा कराव्यात. पगाराचे दाखले, प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेची पासबुके आणि वयाचा दाखलाही लागतो. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल अवश्य घ्यावा.

कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही मुळीच करू नये. अपघातानंतर चार-आठ दिवसांतच समोरच्या बाजूचे कोणीतरी थोडी रक्कम घेऊन येते आणि ‘आमची कसलीही तक्रार राहिली नाही’ अशा मजकुराखाली सही मागते. उपचार किती दिवस चालतील, हे तेव्हा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तडजोड वाईट नसते. लोकअदालतीत ती झटपट आणि बिनखर्चात होते. पण आपले पूर्ण नुकसान किती, हे कळल्यानंतरच ती करावी. तसेच मिळणाऱ्या भरपाईत हिस्सा मागणाऱ्यांपासून दूर राहावे. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास किंवा रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई केलेली आहे.

वकिलाची फी परवडत नसेल, तरी मार्ग बंद होत नाही. स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत ही मदत मिळते. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती घेता येते.

पैसे घेणे गैर का वाटावे?

‘माणूसच गेला, आता पैसे घेऊन काय करायचे?’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. काहींना तर मृत माणसाच्या नावावर पैसे घेणे लाजिरवाणे वाटते. नातलगही कुजबुज करतात. एकटी पडलेली बाई या बोलण्याला घाबरते आणि मुदत उलटून जाते. पुढे तिच मुलांच्या शिक्षणासाठी हातातल्या बांगड्या गहाण टाकते. त्या वेळी कुजबुज करणाऱ्यांपैकी कोणीही मदतीला येत नाही.

भरपाई ही कोणाची मेहेरबानी नाही की मृत्यूची किंमत नाही. जो तोटा दुसऱ्याच्या बेपर्वाईमुळे झाला, तो त्यानेच सोसावा, एवढाच तिचा अर्थ. शिवाय कारखानदाराला, रुग्णालयाला, पालिकेला बेपर्वाई महागात पडू लागली की, मनोऱ्याची तपासणी वेळेवर होते, मॅनहोलवर झाकण बसते आणि शस्त्रक्रियेनंतर टॉवेल मोजले जातात. ज्या घराने आपला हक्क मागितला, त्या घराने दुसऱ्या कुणाच्या तरी घरातले माणूस वाचवलेले असते.